शेपूट पुढे असलेलं विमान

मी आयुष्यात पुष्कळ विमानं बनवली. त्यातलं एकही उडालं नाही, आणि म्हणूनच माझा धंदा चालला. उडणारं विमान बनवणाऱ्याला परवाने लागतात, विमा लागतो, झोप उडते. न उडणाऱ्या विमानाला प्लाय, थर्माकोल, फायबर आणि चांदीचा रंग एवढं पुरतं.

दिघ्याला माझी शेड होती. आता ती पुतण्या बघतो आणि मी घरी बसून त्याला फोनवरून त्रास देतो. लग्नाचे मंडप, गणपतीचे देखावे, मिरवणुकीचे रथ, दुकानाच्या दारातले पुतळे, असं सगळं आम्ही करायचो. सुरुवातीला गिऱ्हाईक राजवाडे मागायचं, मग हिमालय मागायला लागलं. नव्या मुंबईत विमानतळ होणार अशी बातमी आली आणि सगळे विमानच मागायला लागले. विमानतळ व्हायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात आमच्या दोन पिढ्या विमानांवर जेवल्या. सरकारी कामं वेळेवर होत नाहीत म्हणून लोक नावं ठेवतात, मी मात्र कधी ठेवली नाहीत.

बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्यातलं एकच तत्त्व कळलं तरी पुरे. काम हातात घेण्याआधी आम्ही विचारतो, "तोंड कुठे?" म्हणजे लोक कुठून बघणार आणि फोटो कुठून काढणार. तेवढीच बाजू आम्ही सजवतो. मागे उघडा प्लाय, खिळे, सुतळी आणि एखाद्या पोराने पुसलेले रंगाचे हात. राजवाड्याच्या मागे गेलात तर तुम्हाला खोबरेल तेलाच्या खोक्यांचे पुठ्ठे दिसतील. कोणी जात नाही. एवढ्या वर्षांत मागून बघायला आलेलं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही.

एका बिल्डरने त्याच्या सेल्स ऑफिसच्या छताला विमान टांगून घेतलं होतं. फ्लॅट बघायला आलेल्या जोडप्यांना वाटावं, की विमानतळ इथून हाकेच्या अंतरावर आहे. विमान टांगल्यावर तो म्हणाला, "सावंत काका, जरा खाली घ्या." मी घेतलं. दोन दिवसांनी म्हणाला, "अजून थोडं खाली." शेवटी ते इतकं खाली आलं, की गिऱ्हाइकाला वाकून आत यावं लागे. बिल्डर म्हणाला, "बेस्ट. आता लोकेशन पटतं."

दुसरा एक नवरदेव. त्याला हळदीच्या मांडवात विमानातून उतरायचं होतं. आम्ही टेम्पोवर विमान चढवलं, नवरदेवाला आत बसवलं, पुढे वाजवायला बेंजो पार्टी लावली. दिघ्याच्या गल्लीत केबलच्या वायरी किती खाली लोंबतात हे आमच्यापैकी कोणी बघितलं नव्हतं. विमानाचा उजवा पंख वायरीत अडकला आणि अर्ध्या वस्तीच्या टीव्हीवरची मालिका बंद पडली. बायका लाटणी घेऊन बाहेर आल्या. नवरदेव शेवटी स्कूटरवर मागे बसून मांडवात पोचला. पण व्हिडिओत विमान छान आलं होतं, त्यामुळे तो खूश होता.

हे असं चाललं होतं, तेवढ्यात धर्मा नाखव्याचं काम आलं.

नाखवा म्हणजे होडीचा मालक. हा धर्मा नाखवा करावे गावचा, खाडीवर मासेमारी करणारा, आणि गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट अशी, की मुंबईत लोक घोडागाडीतून फिरायचे त्या काळात याने स्वतः विमान बांधलं होतं. विमानतळ सुरू होताच आपल्याकडे असा माणूस होऊन गेला हे सगळ्यांना एकदम आठवलं. लगेच स्मारक समिती झाली. चौकातल्या गोल बागेत खांब उभारायचा आणि त्यावर धर्माचं विमान बसवायचं, असं ठरलं.

समितीचे अध्यक्ष दामूशेठ. गावचेच. न्हावा शेव्याच्या बंदरात त्यांचे ट्रेलर चालतात. चिटणीस करंदीकर सर. पुण्याकडचे, नोकरीतून निवृत्त, सीवूड्‌सच्या सोसायटीत राहणारे आणि माईक दिसला की हात आपोआप पुढे जाणारे. दामूशेठकडे वजन होतं आणि सरांकडे भाषा होती, त्यामुळे समिती झकास चालली होती.

पहिल्या बैठकीत मी विचारलं, "विमान किती उंच उडालं होतं? त्या हिशेबाने खांब करू."

दामूशेठ म्हणाले, "आमचे म्हातारे बोलायचे, मानसाच्या डोक्यावरना गेला."

सर म्हणाले, "डोक्यावरून हा शब्द फार साधा वाटतो. आपण 'वृक्षांच्याही वर' म्हणू."

पुढच्या बैठकीत ते माडाच्या वर गेलं. त्याच्या पुढच्या बैठकीत धर्माने खाडी ओलांडली. मग एक सभासद म्हणाला, की खाडी ओलांडली तर मुंबई गाठली असणारच, कारण मधे उतरणार कुठे. समितीचं विमान दर बैठकीला वर चढत होतं. चहा आणि भजी एवढ्या इंधनावर एवढी उंची गाठलेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

विमानात धर्माचा पुतळा बसवायचा होता. मी साधं चित्र काढून दाखवलं, त्या काळी कोळी दादा घालायचे तसा कमरेला रुमाल गुंडाळलेला, उघडा, काटक माणूस. सोसायटीच्या प्रतिनिधी बाई म्हणाल्या, की चौकातून शाळेच्या बस जातात. म्हणून त्याला पँट घातली. मग पँटवर उघडं अंग बरं दिसेना म्हणून कोट आला. कोटावर टोपी आली, टोपीखाली गॉगल आला. शेवटी दामूशेठ चित्र बघून म्हणाले, "हा कोन? हा तर आमचा वाटतच नाय." पुतळा रद्द झाला आणि धर्मा एकदाचा सुटला.

पण विमान दिसत कसं होतं, हे समितीत कुणालाच ठाऊक नव्हतं. जिला ते ठाऊक होतं, त्या बाईला समितीने बोलावलंच नव्हतं.

पारूबाय ही धर्मा नाखव्याची नात. ऐंशीच्या घरातली. आयुष्यभर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन फिरली, आता बाजारात सुनेशेजारी बसून गिऱ्हाइकांवर डाफरते. मी तिच्या घरी गेलो तेव्हा तिने आधी माझे हात बघितले. रंगाने माखलेले नखांचे कोपरे बघून म्हणाली, "हां, तू काम करनारा दिसतो. बस."

तिने देवाच्या फळीवरून एक खेळणं काढलं. पांगाऱ्याच्या लाकडाचं. पांगारा अगदी हलका, जाळं पाण्यावर धरून ठेवणाऱ्या तरंड्यांना पूर्वी तोच वापरत. धर्माने म्हातारपणी नातीसाठी स्वतःच्या विमानाची ही लहान नक्कल कोरली होती. एका टोकाला मोठा, पेटीसारखा उभ्या-आडव्या फळ्यांचा पंख. मधे लांब दांडा. दुसऱ्या टोकाला छोटासा पंख. मी ते सहज हातात धरलं, मोठा पंख पुढे करून.

"उलटा धरला," पारूबाय म्हणाली. "सगले उलटाच धरतात."

मग तिने मला छोटा पंख दाखवला. त्याच्यावर लालसर काळा थर चढला होता. नारळी पुनवेला कोळी होडीची पूजा करतात, तेव्हा कुंकू लावतात ते होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला. या घरात होडीबरोबर या विमानाचीही पूजा व्हायची. धर्मा स्वतः छोट्या पंखाला कुंकू लावायचा. त्याच्यानंतर त्याचा मुलगा, मग पारूबाय. इतक्या पुनवांचं कुंकू आणि तेल तिथे मुरलं होतं.

"आजा बोलं, मागचा सुकानू हाताला कलतो, पुढचा डोल्याला कलतो," पारूबायने सांगितलं. "खाली समिंदर आसंल तर हातावर भागतं. वर वाऱ्यात डोल्यापुढंच पायजे." म्हणजे छोटा पंख हे धर्माचं सुकाणू, आणि ते सतत डोळ्यांसमोर राहावं म्हणून त्याने पुढे लावलेलं.

धर्मा तरणा असताना मुंबईच्या गोदीत शिडं शिवायला जायचा. तिथे असताना एका मैदानावर कुणा गोऱ्याचं उडतं यंत्र त्याने कुंपणाबाहेरून बघितलं. परत आला आणि बांबू, शिडाचं कापड आणि काथ्या घेऊन बसला. पहिलं विमान खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत घुसलं. दुसरं त्याने मिठागराच्या बांधावर ठेवलं, होडी किनाऱ्यावर ओढतात तशी गावाने दोरी धरून ओढलं, आणि ते उठलं.

"किती वर गेलं?" मी विचारलं. समितीचं माडाच्या वरचं विमान माझ्या डोक्यात होतं.

"मिठाची रास वलांडून गेला. पलीकडं चिखलात बसला," ती म्हणाली. "लय झाला की. तू जाशील का राशीवरना?"

तिसऱ्या विमानाला त्याने लाँचचं जुनं इंजिन लावलं. ते जड झालं आणि विमान खाडीत गेलं. धर्माने इंजिन तेवढं बाहेर काढून होडीला बसवलं. त्या होडीवर पुढे घर चाललं. गावाने मात्र लक्षात ठेवलं ते एकच, की धर्माने विमान उलटं बांधलं, शेपूट पुढे आणि डोकं मागे, म्हणून ते बुडालं. तेव्हापासून त्याचं नाव पडलं उलटा धर्मा. त्याच्या मुलाला उलट्याचा म्हणायचे. पारूबायला आजही बाजारात उलट्याची पारू म्हणतात. लग्नाच्या वेळी तिच्या सासरच्यांनी आधी हेच विचारलं होतं, की पोरगी तरी सुलटी आहे ना.

"माजा आजा येरा नवता, शाना होता," तिने मला दाराशी थांबवून सांगितलं. "तू चौकात त्याला बरोबर लाव. तू उलटा लावलास, तर आमचं नाव मग दगरावर कोरलं म्हनून समज."

मी हो म्हणालो. मी धंद्यात पुष्कळ वेळा हो म्हणालो आहे, पण त्या दिवशी ते खेळणं तिच्याकडून मागून घेतलं आणि रुमालात गुंडाळून शेडवर नेलं.

विमान आम्ही मन लावून केलं. लोखंडाचा सांगाडा, वर फायबरचे बांबू, त्यावर शिडाचं जाड कापड. खांबावर ठेवायचं म्हणजे चारही बाजूंनी दिसणार, त्यामुळे मागचा उघडा प्लाय चालणार नव्हता. माझ्या आयुष्यातलं मागूनही पूर्ण केलेलं हे पहिलं काम. कारागीर चिडले होते. एक जण म्हणाला, "काका, इतना पीछे कौन देखेगा?" मी म्हटलं, "एक म्हातारी बघेल."

दामूशेठची आणखी एक मागणी होती. चौकाला चार रस्ते, चारही रस्त्यांवर दुकानं, आणि सगळ्या दुकानदारांनी वर्गणी दिलेली. कुणालाच विमानाची पाठ बघायची नव्हती. म्हणून विमान फिरतं करायचं. मी विमान एका उभ्या दांड्यावर चढवलं आणि खाली खांबात मोटर बसवली. वीज असेल तेव्हा मोटर दांडा पकडून विमान हळूहळू फिरवणार, वीज गेली की दांडा मोकळा. तो मोकळा ठेवला कारण खाडीवरचा वारा जोराचा, अडवून धरला असता तर मोटरचे दाते तुटले असते. विमान नेता-चढवताना हलू नये म्हणून दांड्यात एक जाड खीळ घातली.

समिती शेडवर बघायला आली. दामूशेठ विमानाभोवती एक फेरी मारून थांबले.

"काका, हा रिव्हर्समदी हाय."

मी खेळणं दाखवलं, कुंकू दाखवलं, पारूबायचं म्हणणं सांगितलं.

करंदीकर सरांनी चष्मा वर केला. "सावंत, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण प्रेक्षकांच्या दृष्टीने विचार करा. विमानाचं शेपूट मागे असतं हे पहिलीतल्या मुलालाही कळतं. उद्या लोक म्हणतील, समितीला विमान कळत नाही."

"मग धर्माचं म्हणून दुसरंच विमान लावायचं?"

"दुसरं नाही हो. हेच. फक्त दिशा बदलायची."

त्यांनी न्याय सोडला नाही. सगळे मिळून पारूबायकडे गेले, चहा घेतला, तिच्या पाया पडले, तिचं सगळं ऐकलं. मग बैठक घेऊन ठराव केला, की आजींच्या भावनांचा पूर्ण आदर राखून विमान समितीच्या मते सरळ बसवावं. मोठा पंख पुढे धरला गेला आणि पुढची बाजू ओळखू यावी म्हणून त्याच्यावर एक मोठा पंखा लावायचा ठरला. तो पंखा दामूशेठच्या मेव्हण्याच्या कारखान्यातून आला.

मी भांडलो. काम सोडून जाईन म्हणालो. सर म्हणाले, "अवश्य सोडा, विमान तयारच आहे." पटण्यासारखंच होतं.

क्रेन यायच्या आदल्या दिवशी मी पारूबायला शेडवर आणलं. मान वर करून तिच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. तिने विमानाभोवती सावकाश एक फेरी मारली, मागच्या बाजूची शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "कापर चांगला ताणलास." मग छोट्या पंखाला मूठभर कुंकू लावलं, नारळ फोडला. लावायची दिशा कोणती ठरली ते तिला ठाऊक होतं.

"राग आला ना?" मी विचारलं.

"येल ना. पन कुनावर कारू? ते पन पाया परून गेले."

उद्‌घाटन पाचला, चांगल्या उजेडात होतं. मांडव खाडीच्या बाजूला, मंचाची पाठ खाडीकडे. ठरल्याप्रमाणे मोठा पंख आणि पंखा मंचाकडे, छोटा पंख पलीकडे, कारण प्रमुख पाहुण्यांना शेपूट दाखवायचं नव्हतं. सरांनी माईकवर धर्माला मुंबईपर्यंत नेलं आणि टाळ्यांमध्ये आणखी पुढे नेणार होते, पण पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. मी सांगितल्यावर शेडवरच्या एका पोराने शिडी लावून खीळ काढली. पाहुण्यांनी बटण दाबलं.

काही झालं नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही.

झालं होतं असं. समितीत दोन गट पडल्यामुळे नोंदणी रखडली होती, नोंदणी नाही म्हणून मीटर मिळालं नव्हतं, आणि म्हणून वायरमनने वीज जवळच्या रस्त्याच्या दिव्याच्या खांबावरून ओढली होती. रस्त्याच्या दिव्याला वीज येते ती संध्याकाळी, दिवे लागतात तेव्हा. आमच्या सगळ्या चाचण्या सभासद कामावरून सुटल्यावर, दिवेलागणीनंतर व्हायच्या, त्यामुळे हे माझ्यासकट कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

दामूशेठ वायरमनकडे बघत होते, वायरमन माझ्याकडे बघत होता. तेवढ्यात मंचाच्या मागून खाडीवरचा वारा आला. आमच्याकडे त्या सुमाराला तो रोजच येतो. शिडाचं कापड फुगलं आणि वर काहीतरी करकरलं.

विमान हललं. आधी थोडं, विचार करत असल्यासारखं. मग त्या मोठ्या पेटीसारख्या पंखाला वाऱ्याने नीट धरलं आणि सगळं विमान संथपणे फिरायला लागलं. मोठा पंख मंचापासून दूर जात जात पलीकडे गेला, छोटा पंख अर्धी फेरी घेऊन पाहुण्यांच्या समोर आला आणि तिथेच थांबला. वाऱ्याने थोडं डोलायचं, पण तोंड हलवायचं नाही. पाहुण्यांच्या डोक्यावर कुंकवाचा लाल पट्टा दिसत होता. मेव्हण्याचा पंखा मागे गेला आणि मागे गेल्यावर पहिल्यांदाच गरगरा फिरायला लागला.

सरांना दाद द्यायला हवी. त्यांनी क्षणभरही न अडखळता माईकवर सांगितलं, "आणि पाहा, धर्मा नाखव्याचं विमान मान्यवरांना वळून मानवंदना देत आहे." मांडव टाळ्यांनी भरून गेला. पाहुण्यांनी हात जोडून विमानाला नमस्कार केला.

मी बायकांच्या रांगेकडे बघितलं. पारूबाय उभी राहिली होती. तिच्याशेजारी बाजारात बसणारी तिची जुनी मैत्रीण होती, जिने तिला जन्मभर उलट्याची पारू म्हटलं होतं. मैत्रीण वर बघत होती आणि तोंडावर पदर धरून होती.

"बग," पारूबाय तिला म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मला ऐकू आला. "वाऱ्याला त्वांड दिला त्यानं. आता सांग, उलटा कोन?"

मैत्रिणीने पारूबायचा हात धरला आणि दोघी मासेवाल्या तिथे गर्दीत रडायला लागल्या. मलाही रडू आलं, आणि मला ते लपवावंसं वाटलं नाही. दामूशेठ माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "काका, कडक आयडिया. टेन्शनच दिला होता तुमी." मी काहीच केलं नव्हतं. दाते तुटू नयेत म्हणून दांडा मोकळा ठेवला होता, बाकीचं धर्माने त्याच्या वेळीच करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळीकडे पाठवलेल्या वृत्तांतात मानवंदना होती, वारा नव्हता. विमान सरळ करण्यासाठी रोज शिडी लावून खीळ कुणी घालायची, याचा विचार करायला एक उपसमिती नेमली आहे. त्यांच्या बैठका चालू आहेत. देव त्यांना उदंड आयुष्य देवो.

पारूबाय हल्ली मासे विकून झाले, की घरी जाताना चौकातल्या कट्ट्यावर बसते. बाजारात आता तिला नाखव्याची पारू म्हणतात, सवयीने कुणाच्या तोंडून जुनं नाव आलंच तर ते स्वतःच जीभ चावतात. परवा मीही तिच्याजवळ जाऊन बसलो. विमान वाऱ्याकडे तोंड करून उभं होतं. आम्ही बघत बसलो. मग रस्त्याचे दिवे लागले, खांबात मोटर घरघरली, आणि विमान चारही रस्त्यांवरच्या दुकानदारांना तोंड दाखवत गोल गोल फिरायला लागलं.

पारूबायने रिकामी पाटी उचलली. "चला," ती म्हणाली. "आजा घरी गेला. आता समितीचा चालू झाला."

तुम्हाला धर्माचं विमान बघायचं असेल तर दुपारी जा. वीज यायच्या आत.